हॉप्सच्या मळ्यात, नाकाविना

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. डब्लिनजवळ एका औषधांच्या कारखान्यात मी क्वालिटीत आहे. समोरचा माणूस ‘केलंय’ म्हणाला की आपण ‘दाखव’ म्हणायचं, एवढंच माझं काम. ही सवय कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी यावं, असं मेधा, म्हणजे माझी बायको, लग्नापासून सांगते आहे. तिचं बरोबरच आहे. सासूबाईंनी प्रेमाने पाठवलेलं मेतकूटसुद्धा मी आधी हुंगतो आणि मगच डब्यात भरू देतो.

पण २०२१च्या जानेवारीत माझा वासच गेला. तेव्हा इथे कोविडची मोठी लाट आली होती. मेधा टॅला या उपनगरात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. आजार तिने आणला की मी, हा वाद आम्ही मिटवलेला नाही, पण पडलो दोघेही. ती आठवड्याभरात ताजीतवानी होऊन कामावर गेली. मीही बरा झालो, फक्त नाक परत आलं नाही. तिखट झोंबायचं, कडू कळायचं, बाकी जेवण म्हणजे ओला पुठ्ठा. वास न येण्याचं दुःख कुणाला सांगताही येत नाही. पाय मोडला तर लोक दार उघडून धरतात, नाक गेलं तर ‘बरं झालं, आता सॉक्स धुवायला नकोत’ म्हणतात.

आणि नेमका मी घरी बिअर करणारा माणूस. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरापासून थोड्याच अंतरापर्यंत फिरायची मुभा होती, तेव्हा स्वोर्ड्समधल्या आमच्या शेजाऱ्याने, डर्मटने, कुंपणावरून त्याचं जुनं मोठं पातेलं माझ्याकडे दिलं आणि वर्षभर कुंपणाआडूनच शिकवलं. आजकालच्या संत्री-अननसाचा वास मारणाऱ्या बिअर आम्हा दोघांनाही आवडत नाहीत. डर्मटचा जीव बिटर आणि आयरिश रेड एल या जुन्या पद्धतीच्या बिअरवर. त्यांच्यासाठी हॉप्स लागतात, म्हणजे एका वेलीची हिरवी, कागदासारखी हलकी बोंडं. काही हॉप्स कडूपणासाठी तासभर उकळायचे. काही फक्त वासासाठी, अगदी शेवटी, आमटीवर कोथिंबीर पेरावी तसे घालायचे. हे दुसरे, वासाचे हॉप्स निवडायला एकच हत्यार लागतं. ते माझ्याकडे नव्हतं.

सप्टेंबरात नवं पीक येतं. मी ठरवून टाकलं की यंदा एकदा शेवटचा प्रयत्न करायचा. चांगले हॉप्स निवडता आले तर ठीक, नाहीतर पातेलं डर्मटला परत द्यायचं आणि हा नाद सोडायचा. इंटरनेटवर पाकिटं मिळतात, पण पाकिटावर काय, काहीही छापता येतं.

“मळ्यातच जाऊ या ना,” मेधा म्हणाली. “मी येते. माझं नाक आहे की.”

बिअरचा घोट घेतला तरी तोंड वाकडं करणारी बाई स्वतःहून हॉप्स हुंगायला निघाली, तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण तेवढं सोडून बाकी सगळ्यावर मी संशय घेतला.

थॉमसटाउनच्या अलीकडे

मळा होता किलकेनी जिल्ह्यात, आणि किलकेनी म्हणजे काळे-पिवळे झेंडे. हर्लिंग या खेळाच्या इथल्या संघाचे हे रंग. गोठ्यावर, दुधाच्या टँकरवर, एका घरी तर चक्क बागेत शोभेला ठेवलेल्या, गणपतीएवढ्या बुटक्या पुतळ्याच्या गळ्यात. जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठून काही महिने झाले होते, तरी डब्लिनची नंबरप्लेट बघून लोक अजून जरा निरखून पाहत. मला ते योग्यच वाटलं.

दुपारी एका पबमध्ये शिरताना दारातल्या मुलीने लसीचं सर्टिफिकेट मागितलं, फोनवरचा क्यूआर कोड तपासला, मग ओळखपत्र मागितलं, मग मास्क खाली करून चेहरा दाखवा म्हणाली.

“बघ,” मी मेधाला म्हटलं, “अख्खा देश शेवटी माझ्या लायनीवर आला.”

“तू तिलाच तिचं सर्टिफिकेट विचारू नकोस म्हणजे झालं.”

जेवणात सूप आणि काळपट सोडा ब्रेड होता. इथलं लोणी पिवळंधमक असतं. आपल्याकडे पाहुण्याला तूप वाढताना हात सैल सोडतात, इथे लोण्याला तसाच सोडतात. ते बघून आठवलं म्हणून मी विचारलं, “तू हल्ली तूप का नाही गं कढवत? दुकानातलं आणतेस.”

पूर्वी मेधा दर पंधरा दिवसांनी आयरिश लोण्याचं तूप करायची. घरभर वास सुटायचा.

“शिफ्ट्स बघतोयस ना माझ्या? वेळ कुठाय?” ती म्हणाली आणि सुपात मीठ घातलं. चाखल्याशिवाय घातलं. मी मनात नोंद केली की हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये ही फार खारट खायला शिकली आहे.

पुढे फोनच्या नकाशाने आम्हाला एका शेताच्या फाटकाशी नेऊन ‘तुम्ही पोहोचलात’ असं जाहीर केलं. फाटकापलीकडे गाई, आणि गाईंपलीकडेही गाईच. हॉप्स म्हणावं असं एक पान नव्हतं. एवढ्यात ट्रॅक्टरवरून एक म्हातारा आला.

“नुआलाचा मळा ना? ‘युअर मॅन’ सगळ्यांना माझ्याकडेच पाठवतो,” तो माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाला. ‘युअर मॅन’ म्हणजे इथे कुणीही, फोनसुद्धा. “मागे फिरा, पडकं चर्च दिसेल, तिथे डावीकडे. उजवीकडे गेलात तर पुन्हा मीच भेटेन.”

मी दोनदा विचारून खात्री केली. तिसऱ्यांदा विचारणार होतो, तेव्हा मेधाने काच वर केली.

मळा

वीस फूट उंच खांब, त्यांवर तारा, तारांवरून जमिनीपर्यंत सोडलेल्या दोऱ्या आणि प्रत्येक दोरीला पिळे घालत वर चढलेली वेल. पडवळाचा मांडव कुणी उभा करून ठेवावा असं दृश्य. अर्धा मळा उतरवून झाला होता, तिथे नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या. नोर नदी खाली कुठेतरी होती, दिसत नव्हती. हवेत वास भरून राहिला असणार, कारण मेधाने गाडीतून उतरताच खोल श्वास घेतला आणि म्हणाली, “वा!”

“कसला?” मी आशेने विचारलं.

“म्हणजे... हिरवा. मस्त हिरवा.”

नुआला साठीची, रबरी बूट घातलेली, मास्क हनुवटीवर असलेली बाई. पीक किती दिवसांपूर्वी काढलं, वाळवताना उष्णता किती ठेवता, ओलावा मोजता का, पिशवीत मागच्या वर्षीचा माल मिसळलेला नाही ना, हे मी क्रमाने विचारत गेलो. जुने हॉप्स चीजसारखे वास मारतात हे मला माहीत होतं आणि तो वास आता मला कळणार नव्हता, म्हणून तोंडी चौकशी जरा जास्तच झाली.

ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही सरकारी खात्यातून आलात का?”

“नाही, नाही. घरी बिअर करतो.”

“खात्यातले लोकही आधी असंच म्हणतात.”

मेधाने मध्ये पडून माझ्या नाकाची हकिगत सांगितली. तेव्हा कुठे नुआलाचा चेहरा सैल झाला. “अरेरे बिचारा,” ती म्हणाली आणि आम्हाला वाळवणीच्या शेडमध्ये घेऊन गेली. लाकडी पट्ट्यांच्या जमिनीवर हॉप्सचा गुडघाभर थर आणि खालून गरम हवा. जत्रेच्या आधी चुरमुऱ्यांचे ढीग पडतात तसे ढीग, फक्त हिरवे.

हॉप्स बघायची पद्धत अशी: दोन-चार बोंडं तळहातावर घ्यायची, दुसऱ्या तळव्याने खसाखसा चोळायची आणि ओंजळीत नाक घालायचं. बोंडाच्या आत पिवळी पूड असते, ती हाताला चिकटते. सगळी गंमत तिच्यात.

“हा गोल्डिंग,” नुआलाने मेधाच्या हातावर बोंडं ठेवली. “मधासारखा. थोडी फुलं.”

मेधाने चोळलं, डोळे मिटले. “निखिल, आंब्याचा मोहर. मामाकडे परसात यायचा ना, तसा. आणि मागे मध.”

मला भरून आलं. आठ-नऊ महिन्यांत कुणी मला इतका नेमका वास सांगितला नव्हता.

“हा फगल. जुनं वाण, जुन्या बिटरसाठी हाच. मातीसारखा, लाकडासारखा.”

“देवळातलं सहाणेवरचं खोड,” मेधा म्हणाली. “ओलं. आणि जरासा सुका पाला.”

मी एक बोंड चावून पाहिलं. असा कडूजहर पदार्थ की कान हलले. तेवढं मात्र माझं मला कळलं. बाकी सगळं मेधाच्या तोंडून. तिच्याकडे बघत मी उभा होतो आणि मनातला क्वालिटीवाला हळूहळू जागा होत होता. ही बाई दर वेळी नुआलाच्या नंतर बोलते. नुआला मध म्हणते, मग हिला मध येतो. नुआला लाकूड म्हणते, मग हिला खोड दिसतं. नुआला हिला चढवते आहे. गोड बोलून गिऱ्हाईकाच्या नाकात आपल्याला हवा तो वास घालायचा, हे विक्रीचं जुनं तंत्र आहे.

मी दोन्हींचे नमुने छोट्या कागदी पिशव्यांत मागून घेतले आणि उद्या सांगतो म्हणालो.

“ग्रँड,” नुआला म्हणाली. इथे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे ठीक, म्हणजे बरं, म्हणजे जा आता.

दुसऱ्या सकाळी, नाश्त्यावर

गेस्टहाउसवाल्या बाईंनी नाश्त्याला मऊ पांढरे पाव ठेवले होते. पलीकडच्या वॉटरफर्ड जिल्ह्याचे हे पाव, त्यांना ब्ला म्हणतात, आणि आपल्या लादीपावाचे ते सख्खे मावसभाऊ. मी सोबत आणलेलं मिरचीचं लोणचं त्यात भरून खाल्लं. मला तेवढीच काय ती चव. बाईंनी कुतूहलाने एक घास मागितला, खाल्ला, पाणी प्यायला आत गेल्या आणि परत आल्याच नाहीत.

तेवढ्यात मी टेबलावर सहा कप मांडले. तीनांत फगल, तीनांत गोल्डिंग, सगळ्यांवर रुमाल. कुठल्या कपात काय ते फक्त मला ठाऊक.

“हे काय?” मेधा म्हणाली.

“ब्लाइंड टेस्ट. नुआला समोर नाहीये आता. तू फक्त हुंगायचं आणि सांगायचं.”

“यार निखिल, सुट्टी आहे ना आपली? मला कंटाळा आलाय.”

“दोन मिनिटं गं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण माझ्या तोंडावर इतक्या दिवसांनी उत्साह दिसत असावा, कारण तिने मुकाट्याने पहिला कप उचलला. मोहर म्हणाली. तो गोल्डिंग होता, बरोबर. दुसरा खोड, बरोबर. तिसरा मोहर. तो फगल होता. चौथा खोड, तोही चूक. मग मी दुसऱ्या क्रमांकाचाच कप पुन्हा तिच्या हातात दिला, आणि मघाशी खोड म्हटलेल्या कपाला आता ती मोहर म्हणाली.

एकाच कपाला दोन वास. मी टेबलावर थाप मारली.

“सापडलं! पिशव्यांत मिसळ केलीय तिने.”

“अरे नाही, माझंच चुकलं असेल. राहू दे ना, उगाच कशाला?”

“तुझं कसं चुकेल? तुझ्या नाकावर तर चाललंय सगळं.”

जगात मी बाकी कशावर नसेल, पण त्या नाकावर विश्वास ठेवला होता. मेधा गाडीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी समजलो, नुआलासाठी तिला वाईट वाटतंय.

पुन्हा मळा

नुआलासमोर मी दोन्ही पिशव्या ठेवल्या आणि कारखान्यात बोलतो त्या सुरात सांगितलं: पत्नीने पाच वेळा तपासलं, एकाच नमुन्याला दोन वेगळे वास आले, तेव्हा माल मिसळलेला आहे किंवा लेबल चुकलेलं आहे.

नुआलाचे कान लाल झाले. हा मळा तिच्या हाताखाली कित्येक वर्षं होता, आणि कुणीतरी डब्लिनहून येऊन तिला खोटं पाडत होतं. तिने एका पिशवीतलं बोंड चोळून हुंगलं, दुसरीतलं हुंगलं. तोंड उघडलं. मग तिची नजर मेधाकडे गेली. मेधा जमिनीकडे बघत होती.

“तू पण आजारी होतीस का गं, लव्ह?” नुआलाने विचारलं. “हिवाळ्यात? दोघेही?”

“हो,” मेधा म्हणाली. “जानेवारीत.”

नुआलाने दोन्ही पिशव्यांची तोंडं नीट दुमडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “माझीच चूक असणार. काल पिशव्या सगळीकडे पसरल्या होत्या. असं करा, दोन्ही घेऊन जा आणि एकत्रच घाला. जुन्या बिटरला दोन्ही चालतात.”

मी मोठ्या मनाने ते मान्य केलं. जिंकलो होतो ना! निघताना नुआलाने मेधाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. त्या दिवसांत कुणी कुणाला हात लावत नसे. मला तेही खटकलं. वाटलं, बाई हिला फितवते आहे.

स्वोर्ड्स, दिवाळीच्या तोंडावर

बिअर केली. दोन्ही हॉप्स गॅस बंद केल्यावर घातले. आंबवण झालं, बाटल्या भरल्या, पायऱ्यांखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवल्या. पहिली बाटली डर्मटला दिली. “ग्रँड,” तो म्हणाला. या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार?

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी एक बाटली स्वतःसाठी उघडली. रंग सुरेख, फेस बेताचा. ग्लासात नाक घातलं. काही नाही. जिभेवर कडू, बस. पातेलं परत द्यायला हवं, असं वाटून मी खिडकीपाशी बसून राहिलो. स्वयंपाकघरातून मेधाचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. तिच्या आईने सांगितलं म्हणून बऱ्याच महिन्यांनी ती घरी तूप कढवत होती.

आणि मग ग्लासातून एकदम काहीतरी आलं. जळकं. खवट, काळं, जळकं. मी ताडकन उठलो. बिअर बिघडली! नुआलाचा माल खराबच होता! पुन्हा ग्लास हुंगला, पण तिथे काही नव्हतं. वास मागून येत होता. वास येत होता! नऊ महिन्यांनंतर मला वास येत होता आणि मी आधी बिअरवर आळ घेत बसलो होतो.

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. मेधाने फोन ठेवला होता आणि ती ओट्याशी उभी राहून पातेल्यात एकटक बघत होती. तिच्या तोंडावर धूर येत होता, तिला ती वाफच वाटत असावी.

“मेधा, तूप करपलं!”

“नाही रे,” ती पातेल्यावरची नजर न काढता म्हणाली. “आत्ता तर रंग येतोय.”

मी हात लांब करून गॅस बंद केला. फेसाखाली बेरी कोळशासारखी झाली होती. एवढा वास, नाकापुढे वीतभर, आणि ही शांत. ती वळली, माझा चेहरा पाहिला आणि मग तिच्या लक्षात आलं की मला ते कशावरून कळलं.

“तुला आला?” तिने विचारलं. तिचे डोळे भरले. “खरंच आला?”

“आणि तुला?”

तिने नाही अशी मान हलवली.

“केव्हापासून?”

“तुझ्याच बरोबर,” ती खुर्चीत बसत म्हणाली. “एकाच दिवशी गेला.”

“मग मोहर? खोड?”

“आठवत होतं की. मामाकडचा मोहर काय विसरतं कुणी? ती मध म्हणाली, मला तो आठवला.”

“मला सांगायचं नाही?”

“तू जेवणं सोडलं होतंस, निखिल. घरात एक तरी नाक चालू असायला हवं होतं. दोघांचंही गेलं म्हटलं असतं ना, तर तू गॅसपाशी खुर्ची टाकून रात्रंदिवस बसला असतास.”

बसलो असतो, यात शंका नाही. मग मला आठवलं. या नऊ महिन्यांत दूध तापायला ठेवलं की ती तिथून हलत नसे. हाक मारली तरी मान वळवत नसे. मला वाटायचं, हिला माझ्याशी बोलायचं नाहीये. माझ्या वाटचा पहारा तीच तिथे उभी राहून देत होती. आणि ती नुआला, एका अनोळखी बाईची लाज राखायला तिने स्वतःच्या मालाला खोटं म्हणवून घेतलं होतं. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि मेधाबद्दल माया दाटून आली. मी नुसता तिच्याजवळ जमिनीवर बसलो.

“नुआलाला मी फोन करतो,” मी म्हटलं.

“मी केलाय कधीच,” ती डोळे पुसत म्हणाली. “तू बिअर आण तुझी.”

मी ग्लास आणला. खिडक्या उघड्या टाकल्या, धूर जाऊ दिला, आणि ओंजळीत ग्लास धरून पुन्हा पुन्हा हुंगत राहिलो. अगदी शेवटी, कुठूनतरी लांबून, काहीतरी आलं.

“काय येतंय?” मेधाने विचारलं.

“मध नाही. मोहर पण नाही,” मी म्हटलं. “ओलं लाकूड. सहाणेवरच्या खोडासारखं. अगदी थोडं, पण आहे.”

तिने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. आमच्या घरात ही नजर आजवर माझ्या मालकीची होती.

“खोड मीच सांगितलं होतं तुला,” ती म्हणाली. “खरंच येतंय, की मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस?”

“खरंच येतंय.”

“दाखव.”

मी ग्लास तिच्यापुढे धरला. माझ्याजवळ दाखवण्यासारखं तेवढंच होतं.